डेक घासून झाला, आता या

सिअ‍ॅटल, १८ ऑगस्ट

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

आई, परवा फोनवर तू म्हणालीस, "येऊ गं, पण तुझ्या त्या लाकडी अंगणात मी ह्यांना पाय ठेवू द्यायची नाही." मला तेव्हा काही बोलता आलं नाही, म्हणून लिहिते आहे. गेल्या खेपेला बाबा सकाळी चहाचा कप घेऊन मागच्या दाराने बाहेर पडले आणि दुसऱ्याच पावलाला घसरले. मनगटावर निभावलं. पण चूक माझी होती. तीन वर्षं मी त्या फळ्यांना हात लावला नव्हता.

यंदाचा उन्हाळा त्यातच घातला. इथे ऑक्टोबरपासून पार मे-जूनपर्यंत रिपरिप चालू असते, कोरडे दिवस काय ते जुलै-ऑगस्टचे. आमचा डेक, म्हणजे ते लाकडी अंगण, रेड सीडरचा. हे लाकूड जात्याच लवकर कुजत नाही, पण मऊ असतं, नख दाबलं तरी वळ उठतो. आधी एका माणसाला बोलावलं, तर त्याने जोराच्या पंपाने पाणी मारलं आणि कोपऱ्यातल्या चार फळ्या उसाच्या चिपाडासारख्या पिंजून निघाल्या. त्याला तिथेच थांबवलं. बाकीचं हातानेच केलं.

खरं काम फटींचं. पाणी निघून जावं म्हणून दोन फळ्यांमध्ये पेन्सिल जाईल एवढी फट ठेवलेली असते. फरच्या झाडांची सुईसारखी पानं आणि माती तिथे ठासून बसते, ओल धरून ठेवते. दोन संध्याकाळी गुडघे टेकून बोथट सुरीने एकेक फट मोकळी केली. मग सोडियम परकार्बोनेटची पावडर कोमट पाण्यात कालवून फळ्यांवर ओतली. आई, तू अंगणात टाकतेस ती ब्लीचिंग पावडर जांभ्यावर ठीक, लाकडाचे तंतू मात्र तिने खराब होतात. पंधरा मिनिटं फळ्या ओल्या ठेवून नायलॉनच्या ब्रशने रेषांच्या दिशेने घासलं. हिरवट फेस वाहून गेला आणि करड्या फळ्यांतून मधासारखा रंग वर आला. माझा तर हात थांबेना. खिळ्यांभोवतीचे काळे डाग ऑक्झॅलिक अ‍ॅसिडने गेले.

बाबा, तुमचा पाय घसरला ती दुसरी फळी मी स्क्रूड्रायव्हर टोचून पाहिली. अर्धा इंच आत गेला. वरून धड दिसत होती, आतून भुसा झाला होता. ती काढून नवी बसवली. घराच्या भिंतीला डेक ज्या तुळईवर धरलेला असतो तीही सुताराकडून तपासून घेतली. ती सुटली तर अख्खा डेक खाली येतो, त्यामुळे तिथे मी माझ्या अंदाजावर विसंबले नाही.

तीन दिवस उन्हात वाळू दिल्यावर तेल लावलं, अगदी पातळ. लाकडाने प्यायलं नाही तेवढं लगेच पुसून काढलं, नाहीतर वर चिकट थर बसतो. तेलाच्या चिंध्या बाहेर पसरून वाळवल्या. त्यांचा बोळा करून ठेवला तर आपोआप तापून पेट घेऊ शकतात. काल फळीवर पाण्याचा थेंब टाकला, तो मण्यासारखा तसाच उभा राहिला.

तेलाने लाकूड टिकतं, घसरणं थांबत नाही. म्हणून दारातल्या तीन पायऱ्यांवर खरखरीत पट्ट्या लावल्यात आणि उजव्या हाताला कठडा बसवलाय, बाबांच्या कंबरेइतका. यापुढे दर शनिवारी झाडणार आहे, आणि कुंड्या खाली पाय लावून उचलून ठेवल्यात, तळाशी ओल राहू नये म्हणून.

आता माझं एक ऐका. विहिरीकडच्या पायऱ्यांना या दिवसांत शेवाळ धरतं आणि बाबा एकटेच खराटा घेऊन उतरतात. यंदा नको. कुणाला तरी मजुरीवर बोलवा, पैसे मी पाठवते. आणि तोवर पाणी नळाचंच भरा.

गणपतीचं विसर्जन झालं की लगेच निघता येईल का, ते कळवा, म्हणजे तिकिटं काढते. सप्टेंबरभर सकाळी नऊच्या सुमारास डेकवर ऊन येतं. खुर्च्या तिथेच मांडल्यात.

तुमची,
मनू