शिशाचं गाव

डेन्व्हर, १४ जुलै

प्रिय बाळ्या,

आठ महिन्यांत पत्र नाही, फोन नाही. शिव्या घालून घे आणि पुढे वाच. आम्ही बरे. गुडघा आहे तसाच.

परवा पोरांना घेऊन लेडव्हिलला गेलो. उंची ३,०९४ मीटर, दुकानाच्या तीन पायऱ्या चढलो तर धाप. १८६० च्या सुमारास इथे सोनं धुणारे लोक एका जड काळ्या मातीला वैतागले होते, ती पन्हळी तुंबवायची. पुढे कळलं, ती शिशाची, आणि तिच्यात चांदी! दुकानात गॅलेनाचा, म्हणजे शिशाच्या खनिजाचा, लिंबाएवढा खडा घेतला तर हात खालीच गेला. बाळ्या, तेच वजन. मूठभर खिळ्यांचं, अप्पांच्या छापखान्यातल्या शिशाच्या अक्षरांचं.

(आणि हो, त्या लग्नपत्रिकेतला ‘न’ तूच पाडलास. ‘कृपया आहेर आणू ये’ छापून गेलं आणि मार मी खाल्ला.)

तिथे मॅचलेस नावाची खाण आहे. टेबर शेठने ती १८७९ साली घेतली आणि चांदीवर राजा झाला. १८९३ साली सरकारने चांदीची खरेदी थांबवली, भाव कोसळले, शेठ रस्त्यावर. १८९९ ला तो गेला. त्याची बायको, बेबी डो, पुढे तीस-पस्तीस वर्षं खाणीच्या तोंडाशी अवजारांच्या खोपटात राहिली. १९३५ च्या मार्चमध्ये तिथेच गोठून मेलेली सापडली. ‘मॅचलेस सोडू नकोस’ असं नवरा मरताना म्हणाला होता म्हणे. ते नंतर कोणीतरी रचलं, असंही म्हणतात. खोपट आपल्या कागदाच्या खोलीएवढं. सौ. म्हणाली, “वेडीच होती की!” मी गप्प.

कारण गेल्या महिन्यात मीच अप्पांना फोनवर म्हटलं, भंगारवाला किलोवर घेतोय, खिळे देऊन टाका. अप्पा “बरं” म्हणाले. एवढंच. तेव्हापासून फोनवर येत नाहीत. आई सांगते, छापखान्यात गेलेत, ट्रेडलला, त्या पायाने चालवायच्या छपाईयंत्राला, तेल द्यायला. पंधरा वर्षांत त्या ट्रेडलवर एक पावतीपुस्तक छापलेलं नाही! माझ्याशी भांडले असते तर बरं होतं रे. “बरं” कधी म्हणालेत का ते कोणाला? तुला तरी?

चिरंजीव दहावीला ना? वहिनींच्या बदलीचं काय झालं? कळव.

रविवारी अप्पांकडे जा. मी पाठवलं म्हणू नकोस. शंभर व्हिजिटिंग कार्डं छापून हवीत म्हण, खिळ्यांवरच. दरात घासाघीस करू नकोस, पैसे मी देतो. आणि प्रूफ या वेळी अप्पांनाच वाचू दे.

तुझा,
सुध्या