पाणंदीची कड मोकळी केलीत, आक्का

आक्का, सप्रेम नमस्कार.

आभार घरी येऊनही मानले असते, पण तुमचं काम आपल्या वाडीपुरतं राहू नये म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय.

शाळेच्या पाणंदीत दोन्ही अंगांनी गाजरगवत पोरांच्या डोक्याला लागायचं. अंगाला खाज, फुलोऱ्यात शिंका, दमेकऱ्यांचे तर हालच. १९५५च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा दिसलेलं हे तण आयात गव्हातून आलं असं मानतात. एकेका झाडाला हजारो बिया. त्या चिखलातून चपलेला, ट्रॅक्टरच्या चाकाला चिकटून पुढच्या शिवारात जातात. त्यामुळे एकट्यानं आपला बांध साफ करून भागत नाही. ग्रामसभेत उभं राहून हे तुम्ही सांगितलंत, म्हणून लोकांना पटलं.

ज्याचं शेत पाणंदीला लागतं, त्यानं आपली कड सांभाळायची, हे तुम्ही ठरवून घेतलंत. भूमिहीन घरांवर मात्र श्रमदान लादू दिलं नाहीत. दिवसभर दुसऱ्याच्या रानात खुरपून आलेल्या बाईनं संध्याकाळी पुन्हा फुकट का वाकायचं? तिला मजुरी मिळाली पाहिजे, असं तुम्ही ठणकावलंत. मला सगळ्यात मोठी गोष्ट हीच वाटते.

नुसतं कोयत्यानं छाटलं की बुडातून परत फुटतं. म्हणून माती ओली असताना, फूल धरायच्या आत, मुळासकट उपटायचं. हातात मोजे, बाह्या पूर्ण, तोंडाला फडकं. उगवल्यावर महिन्याभरात फुलतं, त्यामुळे पावसाळ्यात फेऱ्या पुन्हापुन्हा घ्याव्या लागतात. फुलावर आलेल्या झाडाला पोरांना हात लावू द्यायचा नाही, यावर तुम्ही एकदाही सूट दिली नाहीत. बिनफुलाचं उपटलेलं तेवढं खताच्या खड्ड्यात.

आणि टाकळा! मोकळ्या झालेल्या कडेला त्याचं बी फेकायचं तुम्हीच सुचवलंत. तो दाट उगवून जागा धरतो, गाजरगवताला फट मिळत नाही. वर पहिल्या पावसात कोवळ्या पानांची भाजी. भाजीच्या ओढीनं बायका रोज त्या कडेनं फिरतात आणि दिसेल ते गाजरगवत जाता जाता उपटतात. एवढी राखण कुठल्या फलकानं झाली नसती.

सरकारी जनजागृती सप्ताह १६ ऑगस्टला सुरू होतो; आपली पहिली फेरी जूनमध्येच घेऊ. ओढ्याकडचा उतार अजून बाकी आहे. शेजारच्या वाडीनंही टाकळ्याचं बी मागितलंय, त्यांच्यासाठी पायलीभर राखून ठेवा.

तुमची,
पाणंदीच्या टोकाच्या घरातली सूनबाई