नुसती भीती दाखवून भागत नाही

संपादक महोदय,
नाशिकमध्ये 'गोदावरी स्वच्छ ठेवा' असे बोर्ड खूप दिसतात, पण रामकुंडावर निर्माल्याची पिशवी घेऊन उभ्या असलेल्या बाईला ती टाकायची कुठे हे त्यावर लिहिलेलंच नसतं, मग पिशवी पाण्यातच जाते ना! पोलिओचं बघा, अमिताभ बच्चन टीव्हीवर रागावून सांगायचे ते लोकांच्या लक्षात राहिलंच, पण जोडीला रविवार ठरलेला, बूथ घराजवळ, बाळाच्या बोटावर शाईची खूण, आणि जे आलेच नाहीत त्यांच्या दारात ताई स्वतः डोस घेऊन जायच्या. २०१४ ला भारत पोलिओमुक्त जाहीर झाला तो असा. तंबाखूच्या पुडीवर ८५ टक्के जागेत भयानक फोटो असतो, खाणारा तो न बघताच पुडी फोडतो. मला तरी २०१८ पासून त्यावर छापायला लागलेला १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडायला मदत करणारा हेल्पलाइन नंबर जास्त कामाचा वाटतो, कारण घाबरलेल्या माणसाला पुढे काय करायचं ते कळतं. आता सिंहस्थाच्या जाहिराती निघतील, त्यात कृपा करून नेत्यांचे फोटो कमी करा आणि निर्माल्य कलश कुठल्या घाटावर आहे ते बाण काढून मोठ्या अक्षरात दाखवा.

- एक वाचक, पंचवटी, नाशिक