वाळवंटीकाठचा कोट

साखळी, गोवा
२० डिसेंबर

प्रिय दत्ता,
सप्रेम नमस्कार.

चतुर्थीनंतर तुला एक ओळही लिहिली नाही याची लाज मला होतीच, पण आजचे पत्र त्या लाजेपोटी नाही. काल माळ्यावरची पत्र्याची ट्रंक उघडली आणि तिच्या तळाशी, डांबराच्या गोळ्यांच्या वासात, तुझ्या मामांचा करडा लोकरी कोट सापडला. होय, तोच. १९८६ च्या दिल्लीच्या सहलीहून परतताना मिरजेला आपण गाडी बदलत होतो, तेव्हा तो मी तुझ्या हातात दिला, असे मी आजवर शपथेवर सांगत आलो. आणि शेवंतीच्या लग्नात भर पंगतीत तू 'कोट' हा शब्द उच्चारताच मी पानावरून उठलो होतो. आतल्या खिशात तुझ्या हस्ताक्षरातली उधारीची यादी निघाली. तिच्यात पहिले नाव माझे आहे, पुढे सतरा रुपये. ही गोष्ट मी घरात कोणाला सांगितली नाही, कारण तिचे वजन कळणारा माणूस कोल्हापुरात राहतो.

आम्ही दोघेही बरे आहोत. माझी साखर आणि हिचे गुडघे आपापल्या जागी आहेत.

ट्रंक उघडण्याचे कारण असे, की जानेवारीत मुलगा आणि सून आम्हांला जैसलमेरला नेत आहेत. मडगावहून मरुसागर एक्सप्रेसने जयपूर आणि तिथून पुढे. त्यातला एक अख्खा दिवस सामच्या वाळूच्या टेकड्यांवर घालवायचा आहे. सारा जन्म वाळवंटी नदीच्या काठी काढला, पण वाळवंट म्हणून पाहिले ते पंढरपूरचेच. खरे वाळवंट पाहायला मिळणार याचा आनंद मोठा आहे. पण त्या एका दिवशी अंगावर काय घालायचे या प्रश्नाने गेले दोन आठवडे माझी झोप उडवली आहे. तू हसशील. हस.

अडचण अशी, की तो एक दिवस नसून दोन ऋतू आहेत. जानेवारीत तिथे दुपारी पारा २४ अंशांच्या आसपास असतो आणि रात्री ८ च्या जवळ उतरतो. आपल्याकडे पहाटे २० अंश झाले, की दत्तवाडीच्या देवळात कानटोप्या दिसू लागतात. तीस वर्षे मुलांना विज्ञान शिकवले असल्याने कारण मला ठाऊक आहे: हवेत बाष्प नाही, आकाश निरभ्र, आणि वाळूत उष्णता खोल उतरत नाही, त्यामुळे वरचा थर जितक्या लवकर तापतो तितक्याच लवकर निवतो. आपल्यावर बाष्पाची गोधडी असते, त्यांच्यावर ती नाही. मात्र कारण ठाऊक असल्याने थंडी कमी वाजते, असा अनुभव नाही.

साम जैसलमेरपासून पश्चिमेला सुमारे ४० किलोमीटरवर आहे. सकाळी किल्ला पाहायचा, दुपारी निघायचे, सहाच्या सुमारास टेकडीवरून सूर्यास्त, मग गाणे, जेवण आणि रात्री उघड्या जीपमधून परत. म्हणजे निघताना जे कपडे जड होतील, तेच परतताना अपुरे पडतील. एक जाड स्वेटर घेण्यापेक्षा पातळ कपडे एकावर एक घालावेत, या निर्णयाला मी शेवटी आलो. ऊब कापडाची नसते, दोन कापडांच्या मध्ये अडकलेल्या हवेची असते. मात्र सर्वांत आत सुती गंजीफ्रॉक घातला आणि दुपारी चढताना तो घामाने भिजला, तर संध्याकाळी तोच अंगाशी गार फडक्यासारखा चिकटेल. म्हणून एक कोरडा गंजीफ्रॉक पिशवीत ठेवला आहे. टेकडीच्या आडोशाला तो बदलताना सुनेने फोटो काढू नये, एवढेच मागणे आहे.

सुनेचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. तिने फर्मान काढले आहे, की फोटोसाठी सर्वांनी फिक्या क्रीम रंगाचे कपडे घालावेत. मी म्हटले, अगं, वाळू पिवळी, किल्ल्याचा दगड पिवळा, त्यात आपण क्रीम घालून उभे राहिलो, तर फोटोत चार डोकी हवेत तरंगताना दिसतील. तिथल्या माणसांचे साफे लाल, केशरी, पिवळेधमक असतात आणि बायकांच्या ओढण्या बांधणीच्या, लहरियाच्या. ज्यांचा जन्म त्या वाळूत जातो त्यांना रंग कळतो, असे माझे मत आहे. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही मास्तरकी करता." तूही हेच म्हणायचास.

हिचा प्रश्न वेगळा होता. साडी नेसून उंटावर बसायचे म्हणजे पाय दोन्ही बाजूंना टाकायचे, आणि उंट आधी मागचे पाय उभे करतो, त्यामुळे बसणारा नेमका पुढे झेपावतो. त्या क्षणी पदर सावरायचा की खोगीर धरायचे? माझ्या आजीची नऊवारी उंटाला अगदी योग्य ठरली असती, असे मी बोललो आणि दोन दिवस आमटीत मीठ पडले नाही. आता पंजाबी ड्रेस ठरला आहे, आयुष्यातला पहिला. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून तिने गर्द जांभळा आणला. क्रीम नाही, हे लक्षात घे.

पायांचे तर विचारूच नकोस. आपल्या केरीच्या किनाऱ्यावरची ओली वाळू पायाला चिकटते आणि धुतली की जाते. ही कोरडी वाळू चिकटत नाही, शिरते. जाळीचे बूट म्हणजे तिला उघडे दारच. म्हणून चढताना अनवाणी चालायचे, आणि सूर्य बुडण्याआधी पाय झाडून मोजे चढवायचे, कारण नंतर तीच वाळू बर्फासारखी लागते म्हणे. पण तिथल्या भुरट नावाच्या गवताला काटेरी बोंडे असतात आणि ती लोकरीला धरली, की एकेक करून उपटावी लागतात. म्हणजे लोकरी मोजे आणि लोकरी कोट, दोन्ही त्यांचेच सोयरे. पायजम्याच्या दुमडी मी कालच उसवून घेतल्या, नाहीतर अर्धे राजस्थान साखळीला आले असते. ओठांना लावायला हिने खोबरेलाची बाटली भरली आहे; २४ अंशांखाली ते थिजते, तिथे ते चमच्याने खरवडावे लागेल, हे मी सांगितलेले नाही. आमटीचा अनुभव ताजा आहे.

तुझे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाल्याचे कळले. दिसते ना नीट? नातीला बारावीत चांगले गुण मिळाले, तिला शाबासकी सांग. नव्या घराबद्दल सविस्तर पुढच्या पत्रात विचारतो.

आता मुख्य गोष्ट. कोट मी उन्हात घातला, झटकला आणि आरशासमोर अंगात घालून पाहिला. बाह्या मनगटाच्या दोन बोटे वर राहतात, पोटावर तो मिटत नाही, पण पाठीला त्याच्यासारखी ऊब बाजारातल्या एकाही जाकिटात मला मिळाली नाही. तुझी परवानगी असेल तरच तो सामला नेतो. नसेल तर सुनेचे क्रीम जाकीट घालून वाळूत नाहीसा होतो. परतताना दोन दिवस कोल्हापूरला उतरून तो तुझ्या हातात देईन, आणि या वेळी वहिनींना साक्षीला उभे करीन. सतरा रुपये खिशात घालून आणतो.

फक्त एक आहे. कोटाचे वरून तिसरे बटण नाही. तिथला दोरा जुना, पिवळा पडलेला आहे. ते माझ्याकडे असताना गेले, की तू कोट दिलास तेव्हाच नव्हते, हे आठवून उलट टपाली कळव. मला तरी ते तुझ्याकडूनच नव्हते असे स्पष्ट आठवते.

तुझा,
गुरुदास