आंतरराष्ट्रीय करार आणि राज्याचे धोरण: उच्च शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, उच्च व तंत्र शिक्षण,
महाराष्ट्र राज्य

विषय: मानवी हक्क कायद्याच्या अभ्यासाला राज्याच्या धोरणांची जोड देण्याबाबत

महोदय,

मी नागपुरात विधी शाखेचे पदव्युत्तर शिक्षण घेते आणि आंतरराष्ट्रीय मानवी हक्क कायदा हा माझा अभ्यासविषय आहे. या विषयाच्या शिक्षणात मला जाणवणारी एक मोठी उणीव आपल्यापुढे मांडते. आम्हांला करारांची कलमे शिकवली जातात, पण ती कलमे राज्याच्या अधिनियमांत आणि शासन निर्णयांत कितपत उतरली, हे तपासण्याची सवय लावली जात नाही.

नागरी व राजकीय हक्कांचा, तसेच आर्थिक, सामाजिक व सांस्कृतिक हक्कांचा, असे संयुक्त राष्ट्रांचे दोन्ही करार भारताने १० एप्रिल १९७९ रोजी स्वीकारले. करार करण्याचा अधिकार केंद्राचा आहे आणि त्यांच्या अंमलबजावणीसाठी कोणत्याही विषयावर कायदा करण्याची मुभा राज्यघटनेच्या अनुच्छेद २५३ ने संसदेला दिली आहे. तरीही पोलीस, तुरुंग, सार्वजनिक आरोग्य आणि जमीन हे विषय सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत आहेत. त्यामुळे दिल्लीने जगाला दिलेला शब्द प्रत्यक्षात पाळावा लागतो तो मंत्रालयाला, जिल्हाधिकाऱ्यांना, तहसीलदारांना आणि ठाणेदारांना. आमचा अभ्यास मात्र बहुतेक वेळा दिल्लीपाशीच थांबतो.

हे करार केवळ कागदावरचे आहेत, असे म्हणता येणार नाही. १९८० साली जॉली जॉर्ज वर्गीस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाचे न्या. कृष्ण अय्यर यांनी, केवळ खासगी व्यवहाराच्या कराराने आलेले देणे फेडता येत नाही म्हणून कोणालाही कैदेत टाकू नये, या आंतरराष्ट्रीय तरतुदीच्या प्रकाशात दिवाणी प्रक्रिया संहितेचा अर्थ लावला. त्याच निकालात, आंतरराष्ट्रीय करार आपोआप देशाचा कायदा होत नाही, हेही स्पष्ट झाले. १९९७ च्या विशाखा निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्त्रियांविरुद्धच्या भेदभावाविषयीच्या कराराचा आधार घेऊन कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली, पण संसदेचा कायदा यायला २०१३ साल उजाडले. मधल्या काळात ही तत्त्वे कार्यालयांपर्यंत पोहोचवण्याचे काम शासनाचे होते, आणि ते किती झाले याचा शोध घेणे हाच माझ्या मते या विषयाचा खरा अभ्यास आहे.

आमच्या भागातील उदाहरण गोसीखुर्दचे आहे. वैनगंगेवरच्या या धरणाची पायाभरणी १९८८ मध्ये झाली आणि नागपूर जिल्ह्यातील कुही, भिवापूर तसेच भंडारा जिल्ह्यातील पवनी या तालुक्यांतील गावांना त्यासाठी आपली जागा सोडावी लागली. घराच्या हक्कासंबंधी, आर्थिक, सामाजिक व सांस्कृतिक हक्कांच्या करारावर देखरेख करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीने १९९७ मध्ये केलेल्या सातव्या सामान्य टिप्पणीत, म्हणजे कराराचा अर्थ उलगडणाऱ्या भाष्यात, लोकांना हलवण्यापूर्वी बाधितांशी खरी सल्लामसलत करावी, पुरेशी आगाऊ सूचना द्यावी आणि कोणीही बेघर होऊ नये, असे म्हटले आहे. राज्याकडे प्रकल्पबाधितांच्या पुनर्वसनाचा १९९९ चा स्वतःचा अधिनियम आहे. केंद्राचा २०१३ चा भूसंपादन कायदाही आहे. या तिन्ही गोष्टी शेजारी ठेवून, पुनर्वसित गावठाणातल्या माणसाला त्यांतले नेमके काय मिळाले, हे विद्यार्थ्याने तिथे जाऊन, सातबारा आणि निवाड्याच्या प्रती वाचून तपासले, तर ते वर्गातल्या कितीतरी व्याख्यानांपेक्षा मोलाचे ठरेल. हिवाळी अधिवेशनाच्या काळात यशवंत स्टेडियमहून निघणाऱ्या मोर्चांत माणसे ज्या मागण्या घेऊन चालतात, त्यांपैकी पुष्कळ या करारांच्याच कक्षेत येतात, आणि विधिमंडळ तेव्हा आमच्याच शहरात असते.

नागरी व राजकीय हक्कांच्या कराराखाली भारताचा आढावा १९९७ नंतर थेट जुलै २०२४ मध्ये झाला. या करारावर देखरेख करणाऱ्या समितीने त्यानंतर नोंदवलेल्या निरीक्षणांपैकी अनेक पोलीस, तुरुंग आणि न्यायदान यांविषयी आहेत, म्हणजे मोठ्या प्रमाणात राज्यांच्या कारभाराविषयी आहेत. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया या जिल्ह्यांतून येणारे आणि मराठीतून विचार करणारे माझे अनेक सहाध्यायी ही निरीक्षणे आपल्या भाषेत वाचू शकत नाहीत, हे मला खटकते.

म्हणून आपणांस विनंती आहे की, राज्यातील विधी महाविद्यालयांत मानवी हक्क विषयाचा एक भाग राज्याच्या धोरणांच्या परीक्षणासाठी राखून ठेवावा, अशी सूचना आपल्या विभागाने विद्यापीठांना करावी. संयुक्त राष्ट्रांच्या समित्यांची भारताविषयीची निरीक्षणे मराठीत प्रसिद्ध करावीत. आणि अधिवेशनात मांडल्या जाणाऱ्या विधेयकांवर विद्यार्थ्यांनी केलेली टिपणे संबंधित विभागाकडे पोहोचवण्याची अधिकृत सोय करावी. त्यावर विभागाचे लेखी उत्तर मिळावे, एवढे बंधन पाळले तरी अभ्यासाला वजन येईल. सुरुवात नागपुरातून करता येईल, कारण विधी विद्यापीठ, उच्च न्यायालयाचे खंडपीठ आणि विधान भवन ही तिन्ही इथे आहेत. येत्या हिवाळी अधिवेशनापूर्वी याबाबत आपल्या विभागाने निर्णय घ्यावा, ही नम्र विनंती.

आपली विश्वासू,
विधी शाखेची एक पदव्युत्तर विद्यार्थिनी,
नागपूर