पेटी पुढे आणली आहे

नेरूळ, रविवार रात्र

ती. बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

फोनवर विषय काढला की बाबा "बघू" म्हणतात आणि आईच्या कुकरची शिट्टी होते. म्हणून लिहिते आहे. रागवायचं असेल तर पत्र पूर्ण वाचून रागवा.

आमच्या इमारतीतली पहिल्या मजल्यावरची जागा मी तुमच्यासाठी घेतली. अकरा महिन्यांचा करार केला, डिपॉझिटही भरलं. आधी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर अण्णाकाकांचं वर्षश्राद्ध होऊ दे, मग पाडवा होऊ दे, मग पाऊस सरू दे, असंच झालं असतं. बाबा, तुम्ही आमच्याकडे राहायला येत नाही आहात. घर वेगळं, किल्ली वेगळी, गॅस वेगळा. लेकीच्या घरी कसं राहायचं, हा प्रश्नच नाही. ठाण्याचं घर विकायचं नाही, भाड्यानेही द्यायचं नाही. पुण्याच्या दादाशी बोलले, त्याला पटलंय.

खरं कारण तुम्हाला माहीत आहे. त्या रात्री अण्णाकाकांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून तीन मजले उतरवलं आणि दुसऱ्या मजल्याच्या वळणावर खुर्ची कठड्यात अडकली. बाबा, तुमचा एक हात खुर्चीला होता आणि दुसरा स्वतःच्या गुडघ्यावर. तो घासल्याचा आवाज मला अजून झोपेत येतो. लिफ्टच्या घराचं मी दोन वर्षं आधी बघायला हवं होतं. नाही बघितलं.

अण्णाकाकांचं घर सोडवत नाही, असं आई म्हणाली. मलाही कुठे सोडवतंय? वागळे इस्टेटमधून पहिली पाळी संपवून ते यायचे ते आधी मोरीत जायचे. कटिंग ऑइलचा वास जाईपर्यंत साबण, मग लिंबाची साल. मग खिडकीशी बसून सुईने बोटांतला लोखंडाचा कीस काढायचे, एकेक कण. मी बॅटरी धरायचे. कीस निघाल्याशिवाय पेटीला हात लावायचे नाहीत. पेटीचा एखादा सूर उतरला तर दुरुस्तीवाला बोलवायचा नाही. फळी उघडून रीड काढायचे, खाली पातळ पत्रा सरकवायचे आणि बारीक कानस अशी फिरवायचे की आवाजसुद्धा येऊ नये. "टोकाकडे खरवडलं की सूर चढतो, मुळाशी खरवडलं की उतरतो. लेथवर चुकलं तर दुसरा तुकडा लावता येतो बाळा, इथे नाही." हे मी सहावीत ऐकलं.

१९७८ साली तलावपाळीला गडकरी रंगायतन उभं राहिलं तेव्हा त्यांनी ओव्हरटाइमच्या पैशातून घरातल्या सगळ्यांची तिकिटं काढली होती ना? मी तान्ही, तरी मला घेऊन. आई, कामगार नाट्यस्पर्धेच्या तालमी आपल्या हॉलमध्ये व्हायच्या आणि तू बारा जणांचा चहा टाकायचीस. कारखाना बंद पडला त्या वर्षीही तालीम चुकली नाही. काकूचं ऑपरेशन, दादाचं आणि माझं कॉलेज, सगळं त्यांनी जॉबवर्क करून निभावलं. काकूच्या बांगड्या गेल्या, सायकल गेली, पेटी मात्र राहिली. ती विकायची गोष्ट कुणी काढली नाही, हे तुमचंही मोठेपण बाबा.

आता दुसरी कबुली. भात्याच्या दुरुस्तीला म्हणून गेल्या महिन्यात पेटी नेली, ती परत आणणार नाही. खालच्या घरात खिडकीशी ठेवली आहे. आई, चिडू नकोस. आजी गिरगावची खोली सोडायला तयार नव्हती, ठाणं म्हणजे गावाबाहेर म्हणून रडत होती, तेव्हा अण्णाकाकांनी काय केलं? लोकलमध्ये मांडीवर घेऊन पेटी आधी ठाण्याला नेली आणि परत येऊन म्हणाले, "पेटी गेली तिकडे. संध्याकाळच्या भजनाला यायचं तर चल." तूच सांगितलंस मला, भात कालवून भरवताना.

इथे सकाळचं ऊन थेट स्वयंपाकघरात येतं, तुळस तिथेच ठेवू. देवघराला पूर्वेची भिंत. संडास-बाथरूममध्ये धरायला दांडे तुमच्या जावयांनी स्वतः उभं राहून बसवून घेतले. गिरणी समोर, दूध सहाला दारात. कोपऱ्यावर विरंगुळा केंद्र आहे, तिथे बाबांना वाद घालायला माणसं मिळतील. वाशीचं भावे नाट्यगृह इथून तीन स्टेशनांवर. बाबा, विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत पहिलं नाटक केलं, हे तुम्ही मला शंभरदा सांगितलंत. त्यांच्या नावाच्या नाट्यगृहात तुम्ही एकदाही गेला नाहीत. तलावपाळीची आठवण आली तर नेरूळहून ठाण्याची थेट लोकल आहे, मी घेऊन जाईन.

शनिवारी सकाळी गाडी येईल. सामान बांधायचं नाही, माणसं येतील. बाबांनी माळ्यावर चढायचं नाही, स्टुलावरसुद्धा नाही. आई, बीपीची गोळी नाश्त्यानंतर, विसरलीस तर संध्याकाळी दोन घ्यायच्या नाहीत. दोघांचे रिपोर्ट वरच्या पिशवीत ठेवा.

आणि बाबा, वरचा सा अजून थोडा उतरलेला आहे. दुरुस्तीवाल्याला मी त्याला हात लावू दिला नाही. अण्णाकाकांची कानस तुमच्या कपाटात पितळी डब्यात आहे, ती तेवढी स्वतःच्या खिशात घालून आणा.

तुमची,
मनू