गुरुजी, कागदात होतं तेवढंच तुम्ही सांगितलंत

आदरणीय गुरुजी, सा. न. वि. वि.

तुमचं नाव इथे लिहीत नाही. "नाव छापलंत तर उद्या आणखी पन्नास जण दारात उभे राहतील," असं तुम्हीच बजावलं होतंत. कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यापासून मोडी वाचणाऱ्याला साताऱ्यात जेवायला सवड नाही, हे त्या सकाळी तुमच्या ओट्यावर बसून पाहिलंच. सगळ्यांच्या हातात जमिनीचे नाहीतर जातीचे कागद होते. आमच्या पिशवीत मात्र पणजोबांची तीन पत्रं, पलटणीच्या डेपोतून आलेला एक कागद आणि एक पितळी थाळी. थाळी पाहून रांगेतल्या एका काकांनी विचारलं, "ही पण वाचायची का?"

ती थाळी पहिल्या महायुद्धात मेलेल्यांच्या घरच्यांना सरकारने पाठवलेली. आमच्या घरात तिला पितळीच म्हणतात, खरी कांस्याची. वर ब्रिटानिया, सिंह, पणजोबांचं नाव आणि इंग्रजीत कडेने: तो स्वातंत्र्य आणि सन्मानासाठी मेला. कुणाचं स्वातंत्र्य, हे पणजीला विचारायचं कारण पडलं नाही. तिला ते वाचता येत नव्हतं. लोणच्याच्या बरणीवर ती थाळी नेमकी बसायची, म्हणून टिकली.

आम्ही तुमच्याकडे खरं तर एक वीरगाथा घ्यायला आलो होतो. गावच्या शाळेत फलक लावायचं ठरत होतं. "बसऱ्याच्या लढाईत लढता लढता पडले" हे वाक्य आमच्याकडे चार पिढ्या चालत आलेलं. तात्यांनी, म्हणजे माझ्या चुलत्यांनी, ते फलकवाल्याला सांगूनही ठेवलं होतं. पत्रांतून दोन-चार प्रसंग मिळाले की काम झालं, असा हिशेब.

तुम्ही भिंग लावून पहिलं पत्र वाचायला घेतलंत. तांबडा बैल विकू नये. सावकाराला मनीऑर्डरीतले दहा द्यावेत, बाकीचे बियाण्याला. पावसाचं मान कसं आहे ते कळवावं. दुसऱ्यातही तेच, फक्त उन्हाची तक्रार जास्त. तात्या मध्येच म्हणाले, "लढाईचं काही?" तुम्ही मान हलवलीत. पत्रं वरचे साहेब तपासून सोडत, शिपायाने लढाईचं लिहिलं तरी ते घरापर्यंत आलं नसतं, हे तुम्ही समजावलंत. तिसऱ्या पत्रावर आश्विन, शके 1837. त्यात 78 मिळवून तुम्ही म्हणालात, "म्हणजे 1915चा ऑक्टोबर. याच्यानंतरचं नाही?" नव्हतं.

का नव्हतं, ते मी नंतर वाचून काढलं. इराकात उतरलेली इंग्रजांची सहावी पुणे डिव्हिजन बगदादच्या दिशेने निघाली होती. 103, 110 आणि 117 या मराठा पलटणी तिच्यातच. नोव्हेंबरात बगदादजवळच्या टेसिफोनला तुर्कांचा मार खाऊन ती मागे फिरली आणि 7 डिसेंबरपासून कुत-अल-अमारात अडकली. टायग्रिसच्या वळणातलं गाव, तीन बाजूंना पाणी, चौथ्या बाजूला तुर्कांचे खंदक. आपल्या शिपायांनी घोड्याचं मांस बरेच महिने नाकारलं. धर्मगुरूंची परवानगी बिनतारी यंत्रावरून मागवली, तरी बहुतेकांनी एप्रिल उजाडेपर्यंत त्याला हात लावला नाही. विमानातून पिठाची पोती टाकली, त्यातली काही नदीत पडली. सोडवायला निघालेल्या फौजेची वीस हजारांवर माणसं मेली नाहीतर जखमी झाली, तरी वेढा उठला नाही. 29 एप्रिल 1916ला शरणागती. गावातली हजारो अरब माणसंही त्याच उपासमारीत होती. इंग्रजांना मदत केली म्हणून नंतर त्यांच्यातल्या काहींना तुर्कांनी फासावर दिलं. त्यांच्याही घरी कुणी काय ऐकलं असेल, हे डोक्यातून जात नाही.

चौथा कागद तुम्ही आधी मनातच वाचलात. मग वर न बघता सांगितलंत: रास-अल-ऐन इथे कैदेत असता, रेल्वेच्या कामावर, हगवणीने मयत.

रास-अल-ऐन म्हणजे आजच्या सीरियातलं गाव. तात्यांचा चेहरा पडला. "नीट बघा गुरुजी." तुम्ही पुन्हा वाचलंत, प्रत्येक अक्षराखाली बोट ठेवून, त्यांना दिसेल असं. तेच निघालं. "लढता लढता" लिहून दिलं असतंत तर आम्ही दुप्पट पैसे दिले असते, आणि आमच्यात ते पडताळणारं कुणी नव्हतं. मला आभार मानायचेत ते मुख्यतः या दुसऱ्या वाचनाचे.

आणि त्यानंतरच्या एका वाक्याचेही. तात्या कागद गुंडाळायला लागले तेव्हा तुम्ही विचारलंत, "हा तुमच्या आजीला वाचून कुणी दाखवला?" कागद 1919चा. तीन वर्षं पणजी वाट बघत होती. मधल्या मानमोडीच्या, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या साथीत तिची थोरली मुलगी गेलेली. गावात मोडी वाचणारे दोघं-तिघं. "त्यातल्या कुणीतरी बाईकडे बघितलं असेल," तुम्ही म्हणालात, "आणि बदलून वाचलं असेल. मीही कदाचित तेच केलं असतं." परतीच्या एसटीत तात्या कोरेगाव येईपर्यंत बोलले नाहीत.

बसऱ्याच्या स्मारकावर थडगं नसलेल्या चाळीस हजारांवर माणसांची नोंद आहे. तिथे हिंदी अधिकाऱ्यांची नावं कोरली, शिपायांचे मात्र पलटणवार आकडे. आपल्याकडच्या गावोगावच्या संगमरवरी पाट्यांवरही किती गेले आणि किती मेले, एवढंच. तेव्हा तांबड्या बैलाची काळजी करणारा माणूस आम्हाला तुमच्या भिंगातून पहिल्यांदा दिसला, असं म्हटलं तर फार होणार नाही.

फलक झाला. "रास-अल-ऐन येथे युद्धकैदेत मृत्यू" असंच लिहिलंय. तात्यांनीच सांगितलं तसं लिहायला.

तुम्ही पैसे घेतले नाहीत, घेवडा तेवढा ठेवून घेतलात. या खेपेला इंद्रायणी पाठवतोय, परत करू नये.

एक राहिलं. तिसऱ्या पत्रात "पाणदि चिपटि" असं वाचून तुम्ही शेजारी पेन्सिलीने प्रश्नचिन्ह केलंय. चिपटी म्हणजे धान्याचं माप धरलं, तर पाणदि काय, हे तुम्हाला लागत नव्हतं. परवा तात्यांनी ते लावलं. मोडीत शब्द तोडत नाहीत, अनुस्वारही देतीलच असं नाही, हे तुम्हीच शिकवलेलं त्यांना आठवलं. ते "पाणंदीची पट्टी" आहे. ओढ्याकडचं आमचं वावर. "पाणंदीची पट्टी पेरली का ते कळवावे," असं पणजोबा विचारतायत.

यंदा तिथे सोयाबीन आहे.

आपला नम्र,
पितळी थाळीवाला